हात जोडणं आणि हात जोडायला लावणं

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील गाळून) : पत्रलेखिका एका तालुक्याच्या गावी राहतात. त्या आणि त्यांचे पती देवधर्म मानत नाहीत, स्वतःला मानवतावादी म्हणवतात. घरात सासूबाईंची रोजची पूजा असते, त्यावरून कधी भांडण होत नाही. मुलगी सहावीत, खाजगी अनुदानित शाळेत शिकते. यंदा गणेशोत्सवात पाचवी ते सातवीच्या सगळ्या मुलांनी शाळेतल्या मूर्तीसमोर एकत्र अथर्वशीर्ष म्हणायचं ठरलं आहे. त्यासाठी महिनाभर रोज पहिल्या तासाला सराव होणार, आणि त्याचे गुण आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनात ‘उपक्रम’ म्हणून धरले जाणार. पाळी आलेल्या मुलींनी त्या दिवशी मागच्या बाकावर बसायचं, अशी तोंडी सूचनाही वर्गात झाली आहे. लेखिकेने विचारलं तेव्हा ‘हा धर्म नाही, संस्कृती आहे’ असं उत्तर मिळालं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका वाहिनीची चित्रफीत आली, तिच्यात पठणाने मुलांची बुद्धी वाढते हे विज्ञानाने सिद्ध झाल्याचं सांगितलं होतं. आणि खुद्द मुलीला मैत्रिणींबरोबर पठणात बसायचंय. चाल आवडलीय, अर्धं तर आजीकडून पाठही झालंय. लेखिका विचारतात : ‘तिला बसू दिलं तर माझी तत्त्वं कुठे राहिली? नाही बसू दिलं तर ती एकटी पडेल. शाळेत धर्म नकोच, हे कुणाला आणि कसं सांगू? वृत्तवाहिनीतला एक मित्र बातमी करायला तयार आहे. करू देऊ का?’

नमस्कार,

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि त्यातला सगळ्यात गंभीर तुम्ही जाता जाता एका ओळीत उरकलाय. पाळी आलेल्या मुलींनी मागे बसायचं, ही सूचना. अथर्वशीर्षाचं काय करायचं हे ठरवायला थोडे दिवस आहेत. या सूचनेसाठी मात्र उद्याच शाळेत जा. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर उठून मागच्या बाकावर जायला लावायचं, म्हणजे तिच्या शरीराची खासगी गोष्ट अख्ख्या वर्गाला सांगायची. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. इथे देव आहे की नाही हा वाद येतच नाही. ज्या आया स्वतः पाळीत देवघरात जात नाहीत, त्यांनाही आपल्या लेकीला वर्गात असं उठवलेलं आवडणार नाही. दोघी-तिघींना फोन करून बघा. तुम्ही एकट्या आहात असं तुम्ही धरून चाललाय. या मुद्द्यावर तरी तसं नसावं. आणि ज्या तीन आया आज यासाठी तुमच्याबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीत येतील, त्या उद्या बाकीचंही ऐकून घेतील.

शिक्षिकांकडे मागणी नेमकी ठेवा : कोण कुठे बसणार हे पाळीवरून ठरणार नाही आणि कुणाला तसं विचारलंही जाणार नाही, हे वर्गात स्पष्ट सांगितलं जावं. आपापसात दिलगिरी व्यक्त करून भागणार नाही, कारण सूचना वर्गाने ऐकली आहे.

आता तुमचं मूळ वाक्य, ‘शाळेत धर्म नकोच.’ मला वाटतं तुम्हाला नक्की हे म्हणायचं नाही. सहावीच्या इतिहासात जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी या धर्मांची ओळख असते, ती हवीच. मराठीच्या तासातून ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम काढले तर भाषेचा कणाच मोडेल. पसायदानाचा अर्थ न कळता मूल दहावी झालं तर ते मराठीच्या शिक्षणाचं अपयश म्हणावं लागेल. मानवतावादी माणसाचा आक्षेप धर्माची माहिती देण्याला नसतो. उलट, शेजारचं मूल रोजा का ठेवतं, दुसरं रविवारी चर्चला का जातं आणि तिसरं चवथीला मोदक का आणतं, हे मुलांना कळलं तरच ती एकमेकांकडे माणूस म्हणून बघतील. आक्षेप आहे तो शाळेने मुलाकडून उपासना करवून घेण्याला.

न्यायालयांनीही हीच रेघ ओढली आहे. पंजाबातल्या डी. ए. व्ही. महाविद्यालयाच्या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी शिकवायला न्यायालयाने हरकत घेतली नाही, पण पूजाअर्चा आणि कर्मकांडाचं शिक्षण त्यापासून वेगळं ठेवलं. म्हणून ‘धर्म नको’ म्हणत मुख्याध्यापकांकडे गेलात तर ते पाठ्यपुस्तक उघडून दाखवतील आणि तुम्ही तिथेच अडकाल. ‘उपासना संमतीशिवाय नको’ म्हणून गेलात तर उत्तर त्यांना शोधावं लागेल.

यासाठी संविधानाचा अनुच्छेद २८ नीट वाचून ठेवा, जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. पहिल्या भागानुसार, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत, धार्मिक शिक्षण देताच येत नाही. तुमची शाळा अनुदानित, म्हणून तुम्हाला लागू होतो तिसरा भाग. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान झालेलं नसेल तर पालकाने संमती दिलेली असली पाहिजे. ‘मान्यता दिलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही मान्यतेशिवाय चालत नाहीत, त्यामुळे त्या शाळांतल्या पालकांनाही हाच आधार आहे.

यातली एक बारीक गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. आपण नकार कळवायचा असतो, असं आपण समजतो. घटनेत उलटं आहे : संमती असल्याशिवाय नाही. म्हणजे विचारायचं काम शाळेचं आहे. पालक गप्प बसला याचा अर्थ तो हो म्हणाला असा होत नाही. प्रवेशअर्जावर ‘शाळेचे सर्व उपक्रम मान्य आहेत’ असं वाक्य असतं आणि त्याकडे बोट दाखवलं जातं. तसं झालं तर शांतपणे सांगा की अभ्यासक्रम, सहली, स्नेहसंमेलन यांना ती मान्यता होती, या विशिष्ट उपासनेबद्दल आज पहिल्यांदा विचार होतो आहे आणि त्याचं उत्तर मी लेखी देते आहे.

सक्ती शिक्षकांवरही करता येत नाही. नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली होती; २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. तुमच्या शाळेतही एखाद्या शिक्षकाची अशीच घुसमट होत असू शकते. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, केरळातली तीन भावंडं सर्वोच्च न्यायालयात जिंकली होती. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. त्या मुलांची श्रद्धा तुमच्या-माझ्या विचारांपासून फार दूरची आहे. पण श्रद्धावंताच्या विवेकाला मिळालेलं हे संरक्षण अश्रद्धाच्याही उपयोगी पडतं, आणि म्हणून ते दोघांनी मिळून जपायचं असतं.

एक सावधगिरी. परिपाठातल्या रोजच्या प्रार्थनेलाही याच जोरावर हात घालू नका. प्रार्थना धार्मिक शिक्षणात मोडते का, हा प्रश्न केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या घटनापीठाकडे सोपवला गेला. तिथे जमीन भुसभुशीत आहे. मूर्तीसमोर, उत्सवात, महिनाभराच्या सरावानंतर म्हटलेलं अथर्वशीर्ष ही उपासना आहे, हे मात्र सांगायला वकील लागत नाही.

‘पण ही संस्कृती आहे’ या उत्तराकडे येऊ. ते झटकून टाकू नका, त्यात तथ्य आहे. गणेशोत्सवात नाटकं झाली, व्याख्यानं झाली, मेळे झाले. तो निव्वळ पूजेपुरता कधीच नव्हता. संस्कृती म्हणून अथर्वशीर्ष शिकवायचं असेल तर ते छान शिकवता येईल : फळ्यावर संधी सोडवून अर्थ सांगायचा, गणपतीची कल्पना काळाबरोबर कशी बदलत गेली ते दाखवायचं, मूर्तिकाराला बोलावून शाडूचं काम बघायचं. त्या तासाला तुमच्या मुलीने सगळ्यात पुढे बसावं. पण शाळेने ठरवलेल्या कार्यक्रमात अर्थाला जागाच नाही. पादत्राणं बाहेर, हात जोडलेले, समोर मूर्ती आणि पाळी आलेली मुलगी मागे. सोवळं-ओवळं कवितेच्या पाठांतराला लागत नाही, उपासनेलाच लागतं. मागच्या बाकाची ती सूचना देऊन शाळेने स्वतःच सांगून टाकलंय की हे काय आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हा मुद्दा आवाज न चढवता मांडा, त्याला उत्तर देणं अवघड आहे.

मुख्याध्यापक मनापासून श्रद्धाळू असतील तर त्यांच्याशी त्यांच्याच भूमीवर बोला. अथर्वशीर्षाच्या शेवटी फलश्रुतीत म्हटलं आहे की हे अशिष्याला, म्हणजे जो शिष्य होऊन आलेला नाही त्याला, देऊ नये. मोहाने कुणी दिलं तर तो देणारा पापी होतो. त्या पापपुण्यावर तुमचा विश्वास नसला तरी त्यामागची समज घेण्यासारखी आहे : ज्याला हवं आहे, त्यालाच द्यावं. सगळ्या पटावरच्या मुलांना रांगेत बसवून गुणांच्या धाकाने म्हणवून घेणं त्या ग्रंथालाही मान्य नाही. श्रद्धाळू माणसाला हा मुद्दा अनुच्छेदापेक्षा लवकर पोचतो.

गुणांचं मात्र अजिबात सोडू नका. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी शिक्षकांनी विषयवार ठेवायच्या असतात. तेव्हा विचारा : हा उपक्रम कोणत्या विषयाखाली धरला आहे आणि कोणत्या अध्ययन निष्पत्तीशी, म्हणजे त्या विषयात मुलाला काय यायला हवं याच्याशी, जोडला आहे? भाषेच्या तोंडीकामात पाठांतर धरायचं असेल तर पाठ्यपुस्तकातली कविता आहे, अभंग आहे. तो पर्याय प्रत्येक मुलाला सारखाच मिळायला हवा. हा प्रश्न सौम्य वाटतो, पण नोंदवहीत काय लिहायचं हे ठरवायची वेळ आली की ‘गुण आहेत’ हे विधान टिकणं कठीण जातं. आणि गुण गेले की सक्तीचा अर्धा जोर जातो.

आता मुलगी. पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण तिथे तुम्ही तुमच्या तत्त्वांविषयी लिहिलंय आणि तिच्याविषयी फार कमी. तिला बसायचं आहे. चाल आवडलीय. शंभर पोरांच्या आवाजात आपला आवाज मिसळण्यात जे अंगावर काटा आणणारं असतं, ते तिला हवंय, आणि त्यात आजीबरोबर घालवलेल्या संध्याकाळीही आहेत. यातल्या कशालाच देव मानण्याची अट नाही. तिने पठणात भाग घेतला म्हणून ती तुमच्यापासून दूर गेली असं होत नाही, आणि नाही घेतला म्हणून ती विवेकवादी झाली असंही होत नाही. ‘माझी मुलगी मानवतावादी’ हे शब्द ‘माझी मुलगी अमुक धर्माची’ या शब्दांइतकेच घाईचे आहेत.

मुलांच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा आदर करावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या चौदाव्या कलमात आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. पालकांनी वाट दाखवावी, मुलाच्या वाढत्या समजेनुसार, असं त्याच कलमात आहे. वाट दाखवावी, ओढून नेऊ नये. आपल्या घटनेत मूलभूत कर्तव्यांच्या यादीत, अनुच्छेद ५१क मध्ये, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चिकित्सक वृत्तीच्या शेजारीच मानवतावाद हा शब्द आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो आला. चिकित्सा शिकवायची तर मुलीला आईच्या मताचीही चिकित्सा करता यायला हवी.

जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका कुटुंबाचं चित्र रंगवलं आहे. त्यात बाई बौद्ध धर्म घेईल, नवरा ख्रिस्ती होईल, मुलगी मुसलमान होईल, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होईल, आणि तरीही सगळी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहतील. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये आलं. तुमच्या घरात सासूबाईंचा देव्हारा आणि तुमची अश्रद्धा एका छपराखाली भांडण न करता नांदते, हे त्याच वळणाचं आहे. तुम्ही ते किरकोळ समजून एका वाक्यात लिहिलंत. मुलीला मिळालेलं सगळ्यात मोठं शिक्षण कदाचित तेच असेल.

म्हणून माझा कौल असा : ठरवू दे तिला, पण प्रश्न नीट विचारून. ‘बसायचंय का?’ एवढंच विचाराल तर ती तुमचा चेहरा बघून उत्तर देईल. त्याऐवजी विचारा, यात तुला काय आवडतं? मैत्रिणींपैकी कुणी नाही बसलं तर? गुण नसते तरी बसली असतीस का? अर्थ माहीत आहे का, बघायचा का आपण दोघींनी? मग तुम्ही काय मानता आणि का, हे तिला चार वाक्यांत सांगा, आणि आजी काय मानते ते आजीलाच सांगू द्या. मधल्या सुट्टीत ‘तुम्ही देव मानत नाही का गं?’ असं कुणी विचारणारच. त्यासाठी तिच्याजवळ एक तयार वाक्य असू द्या : ‘आमच्याकडे आजी मानते, आई मानत नाही, मी अजून ठरवलेलं नाही.’ हे वाक्य खरं आहे, कुणाला दुखवत नाही आणि तिच्यावर कुठल्याच बाजूचं ओझं टाकत नाही. एकदा घरी म्हणून घ्या, म्हणजे वेळेवर जीभ अडखळणार नाही.

ती बसायचं म्हणाली तर तुम्ही लेखी संमती द्या, फक्त पठणापुरती. मध्येच नको वाटलं तर सांगून थांबता येईल, हेही तिला सांगा. नको म्हणाली तर तिच्यासाठी दुसरं काम आधीच ठरलेलं हवं. इथे नेहमी घोळ होतो. पालक नकाराचं पत्र देतात, शाळा मान्य करते आणि सरावाच्या वेळी ते मूल व्हरांड्यात एकटं उभं असतं. बाहेर राहणं ही शिक्षा होऊन बसते आणि तिसऱ्या दिवशी मूल स्वतःच म्हणतं की मला आत जायचंय. कामाला नाव हवं, जागा हवी आणि लक्ष ठेवणारं मोठं माणूस हवं : ग्रंथालयात नोंदी करणं, उत्सवाच्या भित्तिपत्रकासाठी शाडू आणि प्लास्टर यांतला फरक लिहिणं, लेझीम पथकात असणं. बरोबर आणखी दोन मुलं असतील तर उत्तमच. वर्गातल्या दुसऱ्या धर्मांच्या घरांतही कुणी हाच प्रश्न मनात ठेवून गप्प असेल. त्यांना पुढे ढकलू नका, पण ‘मी असं पत्र देते आहे’ एवढं त्यांच्या कानावर घाला.

आणि मुलीने हो म्हटलं तरी पत्र द्यायचंच. इथे तुमची तत्त्वं राहतात, कारण मागणी तुमच्या मुलीपुरती उरत नाही. मजकूर असा ठेवता येईल :

*‘माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सहावीत शिकते. गणेशोत्सवातील सामूहिक अथर्वशीर्ष पठण ही धार्मिक उपासना असून, भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार त्यातील सहभाग पालकांच्या संमतीवर अवलंबून आहे. तरी विनंती की, सहभाग ऐच्छिक असल्याची लेखी सूचना सर्व पालकांना द्यावी. या उपक्रमाची नोंद मूल्यमापनात धरू नये. सराव अध्यापनाच्या तासाला न घेता शाळा सुटल्यावर घ्यावा. सहभागी न होणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या वेळेत देखरेखीखाली दुसरे काम द्यावे. आणि मासिक पाळीच्या कारणावरून कोणत्याही विद्यार्थिनीस वेगळे बसवू नये. ज्या विद्यार्थ्यांना व पालकांना सहभागी व्हायचे आहे, त्यांच्या सहभागास माझी कोणतीही हरकत नाही.’*

शेवटचं वाक्य गाळू नका, ते औपचारिकता म्हणून घातलेलं नाही. तुम्ही कुणाचा उत्सव बंद करायला निघालेल्या नाही, हे कागदावर असायला हवं, कारण गावात नेमकं उलटं पसरेल. पत्र लिहून झालं की एक कसोटी लावा : उत्सवाचं नाव बदलून वाचा. मिशनरी शाळेत एखाद्या हिंदू मुलीला प्रार्थनेला बसवलं जातंय, असं समजून हेच पत्र वाचलं तर प्रत्येक शब्द तसाच पटतो का? पटत नसेल तो शब्द काढा.

‘थोतांड’, ‘कर्मकांड’, ‘अंधश्रद्धा’ हे शब्द पत्रात नकोत, बोलण्यात नकोत आणि ग्रुपवर तर मुळीच नकोत. देवतेवर एक अक्षरही नको, सक्तीवर हवं तेवढं बोला. रागाच्या भरात टाकलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट निघतो, आणि धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावल्याचं कलम (पूर्वी भारतीय दंड संहितेचं २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९) तुमच्यावर लागू होवो न होवो, पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू झाल्या की मूळ प्रश्न मागे पडतो.

पत्र दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक घ्या. घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. आधी वर्गशिक्षिकांना भेटून मगच मुख्याध्यापकांकडे जा. शिक्षिकेला डावललं की ती मनातून तुमच्या विरोधात जाते आणि मुलगी रोज तिच्यासमोर असते. आठ-दहा दिवसांत काही हललं नाही तर संस्थेच्या सचिवांना प्रत द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवायला सांगा. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्लागाराची असली तरी तिच्या इतिवृत्तात नोंद होणं मोलाचं आहे. त्यापुढे गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि मुलींना वेगळं बसवण्याबाबत राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग. उपक्रम कुणाच्या आदेशाने आणि कोणत्या निधीतून, हे माहिती अधिकारात विचारता येतं : दहा रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, उत्तराची मुदत तीस दिवस. पण तीस दिवसांत उत्सव होऊन जाईल, हे लक्षात ठेवा. यंदाच्या प्रश्नाला माहिती अधिकाराचा उपयोग नाही, पुढच्या वर्षासाठी आहे.

जाता जाता, तुमच्यासारख्याच आणखी वाचकांसाठी. शाळेच्या अर्जात धर्माचा रकाना भरायची सक्ती सरकार करू शकत नाही, आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क व्यक्तीला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. तो हक्क वापरायचा असेल तर जरूर वापरा, पण त्या उत्साहात जातीचा रकाना रिकामा सोडू नका. पुढे जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला हेच मुख्य पुरावे ठरतात. आई-वडिलांनी तत्त्व म्हणून सोडलेला रकाना भरून काढताना मुलांच्या नाकी नऊ येतात.

राहिली ती चित्रफीत. ग्रुपवर वाद घालू नका, एक प्रश्न टाका : ‘किती मुलांवर हे करून पाहिलं आणि त्यांची तुलना कुणाशी केली?’ महिनाभर रोज अर्धा तास पाढे पाठ करणाऱ्या मुलाचंही पाठांतर सुधारेल, कविता पाठ करणाऱ्याचंही सुधारेल. फरक स्तोत्राने पडला की सरावाने, हे कळायला तेवढाच वेळ दुसरं काहीतरी पाठ करणारी मुलं शेजारी असावी लागतात, आणि ती कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. हे मुलीला समजावून सांगा, सहावीतल्या मुलीला सहज कळतं. वाहिनीविरुद्ध तक्रारीचा मार्गही आहे. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांतली कार्यक्रम संहिता (नियम ६) अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई करते. २०२१ पासूनच्या पद्धतीत आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. त्यांनी चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. त्यासाठी कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि मूळ भाग लागेल, ग्रुपवरचा कापलेला तुकडा पुरणार नाही. चमत्काराचा दावा करून यंत्रं-तावीज विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा आहेत, असं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं, तेही एका जागरूक माणसाने याचिका केली म्हणून. पण तुमच्या यंदाच्या महिन्यात हे काम सगळ्यात शेवटी येतं.

आणि मित्राला नाही म्हणा. तो चांगल्या मनाने म्हणत असेल. पण अर्ध्या तासाच्या चर्चेत एका बाजूला महाराज आणि दुसऱ्या बाजूला नास्तिक बसवले जातील, विषय ‘देव आहे का’ हा होईल, आणि संमती, गुण, मागचा बाक यांतलं काहीच शिल्लक राहणार नाही. शाळेचं नाव झाकलं तरी तालुक्याच्या गावात कोणती शाळा आणि कुणाची मुलगी हे रात्रीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल. ज्या मुख्याध्यापकांना खासगीत एक पाऊल मागे घेता आलं असतं, त्यांना कॅमेऱ्यासमोर ते घेता येणार नाही. शाळेने लेखी नकार दिला, शिक्षणाधिकाऱ्यांनीही दाद दिली नाही, तर बातमीचा विचार पुन्हा करा. तेव्हा हातात कागद असतील, आणि बोलणाऱ्या तुम्ही एकट्या नसाल.

सराव सोमवारपासून सुरू होणार असेल तर पत्र शुक्रवारी दुपारच्या आत द्या. शनिवारी अर्धा दिवस शाळा असते आणि मुख्याध्यापक बहुधा थोडे मोकळे असतात. भेट तेव्हाची मागा. बरोबर त्या दोघी-तिघी आयांना न्या, मुलीला नेऊ नका.